आमचे येथे दुकान थाटून मिळेल

निवृत्त माणूस आणि बरा चाललेला धंदा या दोन गोष्टी एका छपराखाली ठेवू नयेत. निवृत्त माणसाच्या हाती बंद पडलेलं काहीतरी द्यावं. घड्याळ, मिक्सर, पाण्याची मोटर. फार तर ते बंदच राहील. चालत्या गोष्टीत मात्र त्याला 'सुधारणेला वाव' दिसतो, आणि एकदा तो दिसला की त्या गोष्टीचं काही खरं नाही.

आमच्या घरात बरा चाललेला धंदा वहिनींचा, कांदा-लसूण चटणीचा. आमच्या सांगलीकडं या वर्षाच्या मसाल्याला नुसतं चटणीच म्हणतात. होळीच्या सुमाराला मिरची घरात येते. रंगाला ब्याडगी, झोंबायला लवंगी. देठं काढून ती उन्हात पडते. धने, तीळ, खोबरं, खसखस, दगडफूल, एकेक वेगळं भाजायचं. कांदा चिरून वाळवायचा, मग तेलात तळायचा. लसूण सोलायला घरातले सगळे हात धरले जातात. मग सगळी पाटी डंकावर. डंकाच्या खोलीत पाच मिनिटं उभा राहिलेला माणूस संध्याकाळपर्यंत शिंकतो. वहिनी तिथं अख्खी दुपार उभ्या असतात, कारण नजर हटली की आपल्या ब्याडगीत दुसऱ्याची मिरची मिसळते असं त्यांचं ठाम मत आहे. घरी आणून चटणी बरणीत दाबायची, वर हिंगाचे खडे ठेवायचे, की धंदा सुरू.

धंद्याची यंत्रणा म्हणजे एक दोनशेपानी वही आणि फोन. वहीतल्या नोंदी अशा : 'कोपऱ्यावरच्या काकूंची पुण्याची नणंद, १ किलो, तिखट कमी, पैसे दिवाळीला.' 'दातांचे डॉक्टर, अर्धा, भाव जुनाच लावणे.' 'ठाण्याच्या मावशी, विचारल्याशिवाय पाठवणे.' या वहीवर वर्षाचा माल गणपतीच्या आसपास संपतो, पैसे येतात, पुढच्या वर्षीची मिरची सुटते.

मी बँकेतून निवृत्त झालो. आमच्या शाखेत पहिला संगणक आला तेव्हा त्याला हार घालणाऱ्यांत मी होतो, आणि तेवढ्या भांडवलावर नोकरीभर 'त्यांना कॉम्प्युटरचं समजतं' ही ख्याती टिकवली. अशा माणसाला ती वही बघवेना. मी म्हणालो, "वहिनी, वही किती दिवस? आपण ऑनलाइन दुकान काढू. सांगली-मिरजेचं काय घेऊन बसलात, सगळं जग पडलंय."

"जगाला पुरेल एवढी मिरची कुठं आहे भाऊजी?" वहिनी म्हणाल्या.

मला वाटलं विनोद केला. मी हसलो.

वर्डप्रेस फुकट मिळतं हे मला कुठूनसं कळलं आणि तिथंच घात झाला. आणि ते खरोखरच फुकट आहे. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल या दोघांनी २७ मे २००३ रोजी त्याची पहिली आवृत्ती लोकांपुढं ठेवली. तेव्हापासून ते कोणीही घ्यावं, खोलून बघावं, हवं तसं बदलावं. त्याचं मूळ काम मजकूर प्रसिद्ध करायचं. दुकानदारीसाठी २०११ साली वूकॉमर्स नावाचं प्लगइन आलं, तेही फुकट. वर्डप्रेसच्या मोठ्या आवृत्त्यांना जॅझ कलावंतांची नावं देतात, १.० ही आवृत्ती माइल्स डेव्हिसच्या नावाची. हे मला एवढं तपशिलात ठाऊक आहे, कारण ज्या संध्याकाळी चटणीचा भाव लिहायचा होता त्या संध्याकाळी मी माइल्स डेव्हिस ऐकत बसलो होतो.

वर्डप्रेसची मांडणी पाच मिनिटांत होते अशी त्यांची जुनी ख्याती आहे. त्यात काही खोटं नाही. पाच मिनिटांत ते बसलं. मग मी बसलो, तो उन्हाळा संपेपर्यंत.

फुकटच्या दुकानालाही जागा लागते, ती होस्टिंगवाल्याकडून भाड्यानं घ्यावी लागते. नाव लागतं, त्या डोमेनचंही वर्षाचं भाडं. मग दुकानाला रूप द्यायची थीम. थीम हजारो आहेत आणि त्यातली प्रत्येक बघितलीच पाहिजे अशी माझी समजूत होती. अखेर एक लालसर थीम पसंत पडली. ती बसवल्यावर आमच्या चटणीच्या दुकानात पांढऱ्या भिंती, एक उंच लाकडी खुर्ची आणि खाली चार ओळी लॅटिन मजकूर असा देखावा उभा राहिला.

"हे काय लिहिलंय हो?" वहिनींनी विचारलं.

"लॅटिन आहे. सिसेरोच्या एका ग्रंथातला मजकूर मोडूनतोडून घेतलेला. त्याला अर्थ नाही. जागा भरायला घालतात."

"आपल्याकडं सांगण्यासारखं काही नाही म्हणून?"

त्यानंतर मी सांगण्यासारखं लिहायला बसलो. पहिल्या मालाला मी घसघशीत नाव दिलं : 'वहिनींच्या हातची घरगुती कांदा-लसूण चटणी'. वर्डप्रेस या नावावरूनच त्या पानाचा पत्ता तयार करतं. मी उत्साहानं तो पत्ता घरच्या ग्रुपवर टाकला. तिथं जे उमटलं ते पाहून मोठ्या बहिणीचा फोन आला, तब्येत बरी आहे ना विचारायला. टक्क्याचं चिन्ह, इंग्रजी ई, शून्य, पुन्हा टक्का, ए, चार, पुन्हा टक्का, अशी रांगच रांग. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या पुतण्यानं, निखिलनं, खुलासा केला. पत्त्यात देवनागरी गेली की प्रत्येक अक्षराच्या आणि प्रत्येक काना-मात्रेच्या नऊ-नऊ खुणा होतात. नुसत्या 'कांदा-लसूण-चटणी'ला ११९ खुणा लागतात, आणि पत्त्याच्या खणात मावतात फक्त २००. माझ्या नावाला लागत होत्या तीनशेच्या वर. मग वर्डप्रेसनं जिथं खण भरला तिथं कापलं, आणि पत्ता राहिला 'वहिनींच्या-हातची-घरगुती' एवढाच.

वहिनींनी तो वाचला. "घरगुती काय, भाऊजी? भांडणं?"

निखिलनं पत्ता बदलून चार इंग्रजी अक्षरांवर आणला आणि म्हणाला, "काका, जुनंच दिसत असेल तर कॅश क्लिअर करा." मी बँकेतला माणूस. म्हणालो, "अरे, अजून आलेलीच नाही."

पुढं वजनाची चौकट होती. अडीचशे ग्रॅमची बरणी म्हणून मी २५० लिहिलं. त्या चौकटीशेजारी बारीक अक्षरांत 'किलो' होतं, ते चष्म्याच्या वरच्या भागातून दिसत नाही. कुरिअरचा दर किलोला पन्नास रुपये भरला होता. चाचणी म्हणून मी एक बरणी कार्टमध्ये टाकली. चटणी १८० रुपये, पोचवण्याचे १२,५००. हिशेब बिनचूक होता, त्यामुळं चूक सापडायला वेळ लागला. दरम्यान मी वहिनींना कुरिअरवाल्यांनी कशी लूट मांडली आहे यावर बरंच ऐकवलं होतं.

मग पोचवण्याचे विभाग. हे पिनकोडवर पाडता येतात, आणि पिनकोडबद्दल मला अभिमान. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाली, आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी माणूस, वर संस्कृतचे कवी. आमच्या सांगलीचा पिन तर ४१६४१६, असा यमकात बसलेला. चारापासून सुरू होणारा पिन म्हणजे महाराष्ट्र, हे मला नोकरीपासून पाठ. मी चौकटीत चार लिहून पुढं तारा काढली, म्हणजे चारनं सुरू होणारं सगळं आलं, आणि त्याला जवळचा स्वस्त दर लावला. पहिला अंक चार हा महाराष्ट्राबरोबर गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडलाही मिळालेला आहे, हे मला रायपूरच्या एका मराठी कुटुंबानं कळवलं. त्यांनी लिहिलं होतं, 'इतक्या कमी दरात एवढ्या लांब पाठवता, सांगलीकरांचं मन मोठं.' आमचं मन त्या पार्सलपुरतं बरंच मोठं झालं. वेलणकरांचा यात काही दोष नाही.

पैसे घ्यायचे तर पेमेंट कंपनीकडं अर्ज करावा लागतो, आणि ती कंपनी आधी तुमच्या साइटवर अटी, गोपनीयता, परतावा अशी पानं मागते. ही पानं लिहायला मी एका तयार नमुन्याचा आधार घेतला. नमुना कपड्यांच्या दुकानाचा होता, एवढंच. त्यामुळं आमचं परतावा धोरण काही काळ असं होतं की, 'चटणी न वापरलेली, न धुतलेली आणि मूळ लेबलसह असल्यास सात दिवसांत परत घेतली जाईल. मापात न बसल्यास बदलून मिळेल.'

त्याच अर्जात अन्नपदार्थांच्या नोंदणीचा क्रमांक विचारला होता. घरगुती धंद्यालाही अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते आणि तिचा १४ आकडी क्रमांक वेष्टनावर छापावा लागतो. हे वाचल्यावर मी घाबरलो. आपण इतकी वर्षं बेकायदा चटणी खात होतो या विचारानं माझ्या घशाला कोरड पडली. मी वहिनींना गंभीरपणे बसवून, बँकेत थकबाकीदाराला सांगतात त्या सुरात परिस्थिती सांगितली. त्या उठल्या, कपाटातून एक प्लॅस्टिकची फाइल काढली आणि माझ्यापुढं ठेवली. नोंदणीचं प्रमाणपत्र, नूतनीकरणाची पावती, लेबलचा नमुना. लेबलवर क्रमांक, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, तयार केल्याचा महिना, पत्ता, तक्रारीसाठी फोन, सगळं जिथल्या तिथं.

"हे कधी केलंत?"

"तुम्ही बँकेत होता तेव्हा."

ते लेबल गेली कैक वर्षं जेवताना माझ्यासमोर होतं. मी ते कधी वाचलं नव्हतं.

अक्षय्य तृतीयेला मुहूर्त केला. लॅपटॉपला कुंकू लावलं. नारळ मात्र वहिनींनी अंगणात फोडायला लावला. साऱ्या नातेवाइकांना, माजी सहकाऱ्यांना, सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळाला मी पत्ता पाठवला. अभिनंदनाचा पाऊस पडला. 'फारच सुंदर झालंय.' 'रंगसंगती उत्तम.' 'सांगलीचं नाव काढलंत.' फुलं, जोडलेले हात, केकसुद्धा. ऑर्डर मात्र एकही नाही. मी रोज दुकान उघडून बघत होतो. माझ्या पडद्यावर दुकान लखलखत होतं. अखेर निखिलनं त्याच्या फोनवर पाहिलं आणि म्हणाला, "काका, इथं नुसतं 'लवकरच येत आहोत' दिसतंय." झालं होतं असं की, दुकान खुलं करायचं एक बटण असतं, ते दाबेपर्यंत आतलं फक्त मालकाला दिसतं, बाहेरच्याला पाटी. मी मालक म्हणून आत बसून दुकान बघत होतो आणि बाहेर शटर खाली होतं.

माझं डोकं त्यापेक्षा वेगळ्याच गोष्टीत अडकलं. रंगसंगती मग कोणी पाहिली?

बटण दाबलं आणि दुसऱ्याच दिवशी पहिली ऑर्डर आली. इचलकरंजीच्या आमच्या आतेभावाची, घरपोच रोख. मी घरभर नाचलो. वहिनींनी बरणी हातात घेऊन विचारलं, "किती? अर्धा की किलो?" मी चष्मा सावरून वाचलं. एक टोपी. वूकॉमर्सबरोबर सरावासाठी नमुन्याचा माल येतो. टी-शर्ट, पट्टा, गॉगल, लोकरी टोपी. मी तो सरावासाठी आत घेतला होता आणि काढायचा राहिला होता. आतेभावानं चटणीच्या आधी टोपी का पसंत करावी, हा त्याच्या-माझ्या संबंधांचा प्रश्न आहे. वहिनी एवढंच म्हणाल्या, "चटणी विकायला निघाला होता, आता लोकांना टोप्या घालायला लागलात की."

मग मात्र विक्री चढायला लागली. डॅशबोर्डवर विक्रीचा आलेख असतो. तो वर जायला लागला की माणूस दुसरं काही बघत नाही. रात्री जेवताना मी सांगितलं, "आज आठ हजारांची विक्री."

"कुणाला?" वहिनींनी विचारलं.

बँकेत असा प्रश्न विचारायची पद्धत नव्हती. एकूण आकडा जुळला की आम्ही घरी. नावं उघडून पाहिली तर निम्म्या ऑर्डरी माझ्या, उरलेल्या निखिलच्या. पेमेंट अजून चाचणीवर होतं. तिथं चारावर पंधरा एक असा कार्ड क्रमांक घातला की खोटे पैसे खरे असल्यासारखे जमा होतात. मी दुपारी वेळ जात नसला की आमचीच चटणी घेत होतो. खात्यात दमडी नव्हती, पण आलेखानं मला कधी नव्हे ते इतकं समाधान दिलं होतं की चाचणी बंद करताना हात जड झाला.

श्रावण संपता संपता दुकान सर्व अंगांनी निर्दोष झालं. वजन ग्रॅममध्ये, रायपूर रायपूरच्या दरात, परतावा धोरणातून धुणं गेलेलं, टोपी गेलेली, पैसे खरे. आणि त्याच आठवड्यात वहिनींच्या एका जुन्या गिऱ्हाइकीणबाईंनी मुंबईत आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर पत्ता टाकला. रात्रीत ऑर्डरींची रांग लागली. अंधेरी, मुलुंड, डोंबिवली, एक तर बडोद्याहून. सकाळी मी तो कागद छापून, घडी न घालता, दोन्ही हातांनी वहिनींपुढं धरला.

वहिनींनी तो शेवटपर्यंत वाचला. "चांगलंय. पण चटणी कुठं आहे?"

"म्हणजे?"

"गौरी आल्या की. माल संपला. फडताळात एक बरणी आहे, ती घरची."

शिल्लक मालाची चौकट दुकानात होती. तिथं मी 'मोजू नये' असं करून ठेवलं होतं, कारण मोजायचं म्हणजे स्वयंपाकघरात जाऊन विचारायला लागलं असतं. अंधेरीपासून बडोद्यापर्यंत सगळ्यांचे पैसे परत केले. पैसे परत करताना व्यवहाराचं शुल्क काही परत येत नाही. दुकानाचा पहिला भरभराटीचा दिवस असा घरच्या खिशातून साजरा झाला. जगाला पुरेल एवढी मिरची कुठं आहे, हा प्रश्न तेव्हा मला प्रश्न म्हणून ऐकू आला.

दसऱ्याला निखिल घरी आला. वहिनी त्याच्या शेजारी पाट घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "एकेक चौकट वाच." त्यानं वाचलं, वजन? "अडीचशे. पण बरणी, वर पुठ्ठा, साडेतीनशेच्या खाली पार्सल जात नाही." कुठं पाठवायचं? "पुणे, मुंबई, कोल्हापूर, बेळगाव. लांबच्यांना फोन करायला सांग." परतावा? "चटणी परत घेत नाही. बरणी फुटली तर दुसरी पाठवते." शिल्लक? "शून्य. आणि तिथं लिही, होळीआधी नाव नोंदवा, तेवढीच मिरची आणते." भाव? तो सांगताना त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी लावला होता त्यात तळणाचं तेल धरलंच नव्हतं. एका दुपारी काम संपलं. ते सॉफ्टवेअर उन्हाळाभर मला अगदी सरळ प्रश्न विचारत होतं. त्या प्रत्येकाचं उत्तर स्वयंपाकघरात उभं होतं, आणि मी तिथं फक्त चहा मागायला जात होतो.

वर्डप्रेसमध्ये ज्याला त्याला भूमिका वाटून देता येते. प्रशासक, संपादक, दुकान व्यवस्थापक अशी उतरंड असते आणि तळाशी ग्राहक. निखिलनं वहिनींना प्रशासक केलं. माझं काय करायचं, असं त्यानं हळूच विचारलं. वहिनींनी क्षणभर विचार केला, म्हणजे तसा मान राखला, आणि मला ग्राहक केलं.

ग्राहकाला फारसं काही करता येत नाही, पण परीक्षण लिहिता येतं. मी चटणीला पाच तारे दिले आणि खाली चार सुंदर ओळी लिहिल्या, रंगापासून झोंबण्यापर्यंत. त्या अजून मंजुरीसाठी थांबल्या आहेत. वहिनींचं म्हणणं, ज्यानं पैसे देऊन चटणी घेतलीय त्याचंच मत छापावं, बाकीच्यांचं कशाला. तशी अट घालायची सोयही त्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. ती त्यांना मीच, मोठ्या उत्साहानं, दाखवली होती.